मेणाचा उजवा पाय

मुलुंडहून मनोरी काही परदेशात नाही. तरी मी दोन दिवस जाऊन आले तेव्हा आमच्या चाळीतल्या बायका अशा जमल्या, जणू मी विलायतेहून उतरले. "होडीतून गेलीस? ख्रिस्ती लोकांकडे राहिलीस? जेवलीसुद्धा त्यांच्यात?" गेले, राहिले, जेवले, आणि दोनदा मागून घेतलं. प्रत्येकीला पहिल्यापासून सांगता सांगता माझा घसा बसला, म्हणून आता एकदाच लिहून काढते. ज्यांना विचारायचं त्यांनी वाचावं.

पण आधी माझ्या पायांची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मी चार वर्षांची असताना ताप आला आणि डावा पाय गेला. म्हणजे पाय जागेवर आहे, पण सांगितलेलं ऐकत नाही. त्याला मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा बूट आहे, माझ्या हातात काठी आहे, आणि या लवाजम्यानिशी मी रोज फोर्टातल्या एका कचेरीत टायपिंगला जाते. सगळं बरं चाललंय. फक्त एकच गोष्ट राहिली होती. बत्तीस वर्षं मुंबईत काढून मी एकदाही समुद्रात पाय बुडवला नव्हता. चौपाटीवर गेलो की बाकीची मंडळी पाण्यात आणि मी कठड्यावर. सगळ्यांच्या चपला, पिशव्या आणि भेळेचे पुडे माझ्या ताब्यात. वाळूत काठी रुतते, बूट रुततो, आणि कुणी उचलून न्यायला आलं की माझं डोकं फिरतं. मला उचललेलं चालत नाही. मुळीच नाही.

कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर फिलोमिना बसते. तिला सगळे फिलू म्हणतात. ती मनोरीची. मे महिन्यात तिच्या गावच्या खुरसाचा सण असतो. खुरीस म्हणजे गावच्या नाक्यावरचा दगडी क्रूस. "चल की गं," फिलू म्हणाली. "आमच्याकडे कठडाच नाही. दारातून निघालीस की वाळू, वाळू संपली की पाणी." त्याच क्षणी मी ठरवलं, या खेपेला समुद्रात पाय बुडवायचा, तोसुद्धा कुणी न उचलता.

आणखी एक सांगून टाकते. माझ्या पायापायी आई इतके नवस बोलली की तिलाच हिशेब राहिला नव्हता. सोमवार, मंगळवार, अनवाणी डोंगर चढणं, चांदीचे पाय वाहायची कबुली. देवाने कशालाच दाद दिली नाही. विसाव्या वर्षी मी देवाशी अबोला धरला. त्याचं त्यावाचून काही अडल्याचं दिसलं नाही, माझंही अडलं नाही. मनोरीला मी समुद्रासाठी गेले होते, सणासाठी नव्हे.

शनिवार, मार्वे

मालाडहून टांग्याने मार्व्याला पोचलो तेव्हा नेमकी ओहोटी होती. खाडीच्या या काठापासून होडीपर्यंत नुसता चिखल, आणि त्यावर दोन फळ्या टाकलेल्या. पहिली फळी मी झोकात पार केली. दुसऱ्या फळीवरून बूट घसरला तो थेट चिखलात गुडघ्यापर्यंत.

होडीत पंधरा-वीस माणसं आधीच बसलेली. टोपल्या, कोंबड्या, एक नवी कोरी खुर्ची. तांडेल म्हातारा होता. त्याने वल्हं खाली ठेवलं आणि विचारलं, "बाय, उचलू?"

"नको," मी म्हटलं.

"बरा," तो म्हणाला आणि त्याने विडी पेटवली.

मी वाटच बघत होते. आमच्याकडे अशा वेळी दहा हात पुढे येतात, वीस सल्ले येतात आणि कुणीतरी "अरेरे" म्हणतंच. इथे एकही जण चुकचुकला नाही. खुर्चीवाला आपल्या खुर्चीचं कौतुक सांगत राहिला, बायका कोंबड्यांबद्दल भांडत राहिल्या. तांडेल म्हणाला, "सावकास. भरती लागली का चिखोल आपलाच सोडल." मी दोन्ही हातांनी स्वतःचा बूट धरून ओढत होते. शेवटी एकदाचा 'फच्च' असा आवाज होऊन तो सुटला. साडीची पार वाट लागली होती. पण होडीत चढले तेव्हा मला अगदी राणीसारखं वाटत होतं.

मनोरी

फिलूचं घर कौलारू, माडांच्या सावलीत, समोर ओटा. ओट्याच्या पायऱ्या उतरलं की वाळूच सुरू होते. वाळूत बांबूंच्या चटयांवर बोंबील वाळत घातलेले. त्या वासाला मी आधी नाक मुरडलं, हे कबूल करते. तासाभराने तो वास येईनासा झाला आणि दुसऱ्या दिवशी तर त्याने भूक लागायला लागली.

फिलूच्या आईला मी मावशी म्हणायचं ठरवलं. ठेंगणी, गोल, पायघोळ लुगड्याची काष्टी मारलेली, गळ्यात क्रुसाची माळ. तिने मला पाहिलं, माझ्या चिखलाने भरलेल्या साडीकडे पाहिलं, आणि पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "आधी जेव. मंग धू."

तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या, सुरमईची आमटी, आणि फुगे. फुगे म्हणजे तळलेले पोकळ गोळे, आपल्या पुरीपेक्षा मऊ आणि आत जरासे आंबूस गोड. आमटीच्या मसाल्याचं मी विचारलं तर मावशीने कोनाड्यातली दारूची काळी बाटली काढली. मी दचकले. तिच्यात मसाला होता. उन्हाळ्यात बायका मसाला कुटतात आणि वारा लागू नये म्हणून काठीने ठासून ठासून अशा बाटल्यांत भरतात. आमची आई मसाला बरणीत भरते आणि वर हिंगाचा खडा ठेवते. "त्यात काय काय असतं?" मी विचारलं. मावशी बोटांवर मोजायला लागली, फिलू मध्येच म्हणाली हे राहिलं, ते राहिलं, आणि मायलेकींचं जे जुंपलं ते भाकऱ्या संपेपर्यंत. माझ्या चौकशांनी माणसं भांडतात, हे मला घरीही सांगतात.

ओट्याच्या टोकाला फिलूचा थोरला भाऊ पास्कू जाळं विणत बसला होता. चाळिशीचा, खांदे पैलवानाचे, आणि पाय काड्यांसारखे, मांडीखाली दुमडलेले. हातांच्या तळव्यांना मोटारीच्या टायरचे तुकडे बांधलेले. दोन शिंपी भेटले की एकमेकांच्या शिवणी बघतात, तसं आम्ही एकमेकांच्या पायांकडे पाहिलं.

"ताप?" त्याने विचारलं.

"ताप," मी म्हटलं.

"कितव्या वरसाला?"

"चौथ्या. तुमचा?"

"तिसऱ्या. आनि दोनी पाय," तो म्हणाला. "मी जिकलो."

मला इतकं हसू आलं की ठसका लागला. या विषयावर माझ्यासमोर आजवर कुणी थट्टा केली नव्हती.

चार वाजता फिलूला घेऊन मी निघाले. पायऱ्या उतरले, काठी टेकली, ती वीतभर आत गेली. बूट उचलला, टाकला, तोही आत गेला. तरी नेटाने वीसेक पावलं गेले असेन. समुद्र समोर, फार तर शंभर पावलांवर, त्याचा आवाज अगदी कानात. आणि मी तोंडावर आपटले. उठले, पुन्हा आपटले. फिलू म्हणाली, "मालती, मी धरते ना. नाहीतर मी आणि शेजारची लिलीमावशी दोघी मिळून उचलतो." मी तिच्यावर वसकन ओरडले. बिचारीचा चेहरा उतरला. मी वाळू झटकत परत फिरले आणि ओट्यावर येऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

पास्कूने हे सगळं बघितलं होतं. जाळं विणता विणता तो म्हणाला, "तुमी उबं राहून जाता, म्हनून पडता. बसून जा. पाठ दर्याकडं करायची, हात मागं टेकायचे, आनि सरकायचा. मी रोज जातो."

"मी सरपटत जाऊ?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"पानी काय इचारत नाय, कसा आलास म्हनून."

सात वर्षांची होईपर्यंत मी घरात सरपटतच हिंडायचे. पाहुणे आले की आई मला आतल्या खोलीत नेऊन दार लोटून घ्यायची. तिचा हेतू वाईट नव्हता, तिला ते बघवत नसे. पण बूट मिळाला त्या दिवशी मी शपथ घेतली होती की पुन्हा कधी जमिनीवर यायचं नाही. पंचवीस वर्षं ती पाळली होती. चार गावकऱ्यांपुढे ती मोडायची, तेवढ्यासाठी समुद्र मला नको होता. निदान मी स्वतःला तसं समजावलं.

रविवार, सकाळ

पहाटे जाग आली तर पास्कू खरोखरच चालला होता. समुद्राकडे पाठ, हात मागे, एक हिसडा, एक वीत. पाण्याच्या काठाशी थांबला, कपाळ-छाती-खांद्यांवर क्रुसाची खूण केली, आणि शिरला. आत गेल्यावर तो ओळखूच येईना. असा सपासप पोहत होता की किनाऱ्यावरच्या दोन पायांच्या माणसांची मला कीव आली.

परत आला तेव्हा मी चहा घेऊन तयारच होते. मला राहवत नव्हतं.

"पाण्यात जाताना देवाकडे काय मागता?"

"मागत नाय. सांगतो."

"काय सांगता?"

"काल काय झाला ता. कुनाची होडी फुटली, कुनाकडं पोर झाला. काल सांगितला, मुलुंडशी एक बाय आलीय, लय रागीट हाय." बशीत चहा ओतत तो हसला. "मागनाऱ्यांची रांग हाय त्याच्याकडं. गप्पा माराला कोन जातो?"

आमच्या घरात देवाशी इतकं बोलणं झालं, पण गप्पा कुणीच मारल्या नव्हत्या.

रविवार, खुरसापाशी

खुरसाला झेंडूच्या आणि मोगऱ्याच्या माळा घातलेल्या, चौथऱ्यावर मेणबत्त्या, बाळाला कडेवर घेतलेल्या माऊलीची तसबीर. गावातल्या बायका ठेवणीतली लाल लुगडी नेसून आल्या होत्या. सगळ्यांनी मिळून मराठीत प्रार्थना गायली. चाल आपल्या भजनाच्या जवळची वाटली. मग उकडलेल्या चण्यांचा प्रसाद वाटला. आपल्याकडे हातावर चार दाणे ठेवतात, इथे ओंजळभर देतात आणि ओंजळ लहान निघाली तर रागावतात.

मग मावशीने पदराखालून कागदाची पुडी काढली. आत मेणाचा पाय होता, वीतभर लांब, नखंसुद्धा कोरलेली. "तुजासाटी आनलाय," ती म्हणाली. "हात दुकला तर हात वाहायचा, पाय दुकला तर पाय. माऊलीपुढं ठेव."

"आमच्याकडे बरं झाल्यावर वाहतात," मी म्हटलं.

"आमी आधीच देतो. मंग तिलाच लाज वाटते, काम केल्याबिगर ऱ्हात नाय."

मला खरं तर रडू येत होतं, रागाने. इथेही नवस! आईचे चांदीचे पाय, सोमवार, डोंगर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. नाही म्हणायला तोंड उघडलं, तर मावशीचा चेहरा असा काही उजळलेला की शब्द आतच राहिला. मी नुसती तो पाय उलटा-सुलटा करत राहिले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"मावशी," मी म्हटलं, "हा उजवा आहे."

"म्हंजे?"

"माझा डावा गेलाय."

झालं! चण्यांचे हात जागच्या जागी थांबले. "दाकव बगू," एक म्हातारी म्हणाली. मी साडी घोट्यापर्यंत वर केली, बुटाशेजारी मेणाचा पाय धरला. बुटाची अंगठ्याकडची बाजू आणि मेणाचा अंगठा एकमेकांना लागलेले. उजवाच होता, शंकाच नको. सगळ्या बायका वाकून वाकून बघायला लागल्या. मग जी सभा भरली ती ऐकण्यासारखी होती.

"असू दे, माऊलीला काय दिसत नाय का, कुटला मोडलाय ता?"

"अगो, पन तिनं सांगितल्यापरमानं केला त? चांगला पाय मोडून परत नीट करंल!"

"वितळवून दुसरा करू."

"वाहिलेला मोडायचा नसतो."

"अजून कुटं वाहिलाय?"

मावशी रडकुंडीला आली होती. मेणबत्तीवाल्याला तिने 'बायच्या पायासाटी' असं सांगितलं होतं, कुठला ते त्याने विचारलं नाही आणि हिनेही सांगितलं नाही. तिथे उभ्या उभ्या मला एक मजेशीर गोष्ट जाणवली. जो पाय मी अठ्ठावीस वर्षं साडीखाली, टेबलाखाली, चादरीखाली लपवला, तो आता अख्ख्या गावाच्या मधोमध उघडा होता, त्यावर जोरजोरात वाद चालला होता, आणि मला काहीसुद्धा होत नव्हतं. कुणी हळहळत नव्हतं. त्यांना फक्त उजवा की डावा याची पंचाईत पडली होती.

पास्कू चौथऱ्याच्या पायरीवर बसून चणे खात होता. तो म्हणाला, "मालतीबाय, उजव्याची काय तकरार हाय?"

"उजव्याची? काहीच नाही," मी म्हटलं. "तो बिचारा दोघांचं काम करतो."

"मंग त्याच्यासाटी वाहा ना. त्याचं नाव कदी काडलाव देवापुढं?"

नव्हतं काढलं. आईनेही नाही. आयुष्यभर आमच्या घरात एकाच पायाचा गजर चालला होता. आणि हा दुसरा मुकाट्याने जिने चढत होता, गाडीत उभा राहत होता, मला बत्तीस वर्षं मिरवून आणत होता. त्याला कुणी चांदी कबूल केली नव्हती. मला इतकं भरून आलं की मी सगळ्यांसमोर मोठ्याने रडले. लाजही वाटली नाही.

मग डोळे पुसले आणि मेणाचा उजवा पाय माऊलीच्या तसबिरीपुढे ठेवला. "हा फार चांगला आहे," मी हळूच म्हटलं. "रोज कामाला येतो. एवढंच सांगायचं होतं." कुणाशी बोलले ते मला विचारू नका. बारा वर्षांनी बोलले एवढं खरं. मावशीने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, आणि मेणबत्तीवाल्याला मनातल्या मनात माफ केलं असावं.

रविवार, दुपारनंतर

शेवटची होडी साडेपाचला होती. चार वाजता मी ओट्याच्या पायरीवर बसले आणि बुटाचे पट्टे सोडले.

फिलू दारातून बघत होती. तिने नुसतं विचारलं, "येऊ?"

"ये. पण उचलायचं नाही. आणि कालच्यासाठी माफ कर गं."

"हो बाई, माफ," ती म्हणाली आणि तिने माझा बूट उचलून आत, उंदीर कुरतडणार नाहीत अशा जागी ठेवला.

पास्कूने आपले टायरचे तुकडे माझ्या हातांना बांधले, स्वतः तसाच निघाला. मी वाळूत बसले. समुद्राकडे पाठ केली, हात मागे टेकले. समोर घर, घरासमोर माणसं, आणि मी त्यांच्याकडे तोंड करून जमिनीवर. आता कुणीतरी दार लोटून घेईल असं वाटलं. कुणी लोटलं नाही. मी हिसडा दिला आणि एक वीत मागे गेले. मग दुसरी. उजवा पाय रेटा देत होता, डावा मागून ओढला जात होता, वाळू साडीत भरत होती. वाळू तापलेली होती, पण सोसत होती.

वाटेत एक बाई बोंबील उलटत बसली होती. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं. आता ही काहीतरी बोलणार म्हणून मी थांबले.

"बाय, जरा तिकून जा," ती म्हणाली. "बोंबील सुकतान."

मी बोंबिलांना वळसा घातला. वळसा घालता घालता हसत होते, इतकी की हातातलं बळ जायला लागलं. पास्कू पुढून ओरडला, "हसताव काय, भरती तुमच्यासाटी थांबंल काय?"

वाळू ओली झाली, मग घट्ट झाली. पाठीला गार लागलं, मग एकदम कमरेपर्यंत आलं आणि माझी किंकाळी फुटली. खारं पाणी नाकातोंडात गेलं. साडी फुगून वर आली, ती मी दाबून धरली. पास्कूने सांगितल्याप्रमाणे हात मागे रोवून बसले आणि लाट ओसरू दिली. दुसरी लाट आली तेव्हा मी डाव्या पायाकडे बघत होते.

तो वर आला. मी हात लावला नव्हता. आपण होऊन वर आला, पाण्यावर जरा डुलला, आणि लाट परतली तसा गुडघ्यातून वाकला. पुन्हा लाट आली, पुन्हा सरळ झाला. शेजारी उजवाही तसाच वर-खाली होत होता. काही वेळ मला डावा कुठला आणि उजवा कुठला ते कळेना. मी श्वास रोखून बघत राहिले, हलले तर थांबेल की काय म्हणून. तो थांबला नाही.

"मालती!" किनाऱ्यावरून फिलू ओरडत होती. दोन्ही हात तोंडाशी धरून. "पाच वाजले गं! होडी सुटेल! उद्या कचेरी आहे!"

"सुटू दे," मी म्हटलं, आणि आणखी एक वीत मागे सरकले.